हायरम बर्डॅन: पितळी पुंगळ्यांच्या ढिगातून आजही बाजूला काढलं जाणारं नाव

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेली मंडळी सराव संपला की एक काम न चुकता करतात. जमिनीवर पडलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचतात. घरी नेऊन त्या साफ करतात, वेगवेगळ्या करतात, डब्यांत लावून ठेवतात. पुढे त्याच पुंगळीत नवं प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसते आणि काडतूस पुन्हा तयार होतं. या छंदाला तिकडे 'रिलोडिंग' म्हणतात.

या पुंगळ्या वेगळ्या करताना एक प्रश्न हमखास येतो: बॉक्सर की बर्डॅन? बॉक्सर असेल तर डब्यात, बर्डॅन असेल तर बहुतेक वेळा सरळ भंगारात. बॉक्सर आणि बर्डॅन ही दोन माणसांची नावं आहेत. त्यातला बर्डॅन अमेरिकन होता, त्याच्या काळी देशभर गाजलेला नेमबाज होता. आणि आज त्याच्याच देशात त्याच्या नावाची पुंगळी नकोशी झाली आहे. असं का झालं, हे समजलं की एखादी वस्तू पुन्हा वापरता येईल की नाही हे नेमकं कुठे ठरतं, तेही समजतं. तुमच्या हातातल्या फोनलाही हे लागू पडतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा लेख काडतूस कसं भरायचं हे शिकवत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात 'दारूगोळा' या शब्दात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. आपण बघणार आहोत ते एका माणसाचं आयुष्य आणि त्याच्या डिझाइनचं पुढे काय झालं ते.

आधी काडतूस समजून घेऊ

आजच्या साध्या काडतुसात चार भाग असतात. पुढे गोळी. तिच्यामागे दारू. सगळ्यात मागे, बुडाशी, छोटंसं प्रायमर. आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी. बंदूक चालली की गोळी निघून जाते, दारू जळून जाते, प्रायमर फुटतं. मागे उरते ती फक्त पुंगळी. चौघांत सगळ्यात महाग भाग सहसा तोच असतो. म्हणून तर लोक वाकून वेचतात.

प्रायमर म्हणजे काय हे कळायला दिवाळीतली टिकली आठवा. टिकली नुसती हवेत धरून दाबली तर फुटत नाही. ती दगडावर ठेवून वरून दुसरा दगड मारावा लागतो. म्हणजे दोन गोष्टी हव्यात: वरून घाव आणि खाली कठीण आधार. लोहाराच्या भाषेत घण आणि ऐरण. बंदुकीत घण म्हणजे आतली टोकदार सुई, जी प्रायमरवर आदळते. आणि ऐरण?

आपली सगळी गोष्ट या ऐरणीभोवती फिरते. ऐरण पुंगळीत ठेवायची की प्रायमरमध्ये? बर्डॅनने ती पुंगळीत ठेवली. बॉक्सरने प्रायमरसोबत ठेवली. फरक मिलिमीटरचा, परिणाम दीडशे वर्षांचा.

फेल्प्स गावचा इंजिनिअर

हायरम बर्डॅनचा जन्म ६ सप्टेंबर १८२४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फेल्प्स या गावात झाला. शिक्षणाने आणि वृत्तीने तो मेकॅनिकल इंजिनिअर. डोकं सतत काहीतरी नवं बनवण्यात. खनिजातून सोनं वेगळं करणारं यंत्र त्याने काढलं आणि ते विकलंही गेलं. पीक कापायचं यंत्र केलं. पाव बनवणारी यांत्रिक बेकरी उभी केली. आजच्या भाषेत सांगायचं तर एकामागून एक स्टार्टअप काढणारा माणूस.

त्यासोबत दुसरी ओळख होती ती नेमबाजाची. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू होण्याआधी जवळपास पंधरा वर्षं तो देशातला अव्वल रायफल नेमबाज मानला जायचा. म्हणजे यंत्र कसं बनतं हेही त्याला ठाऊक, आणि ते वापरणाऱ्याच्या खांद्याला काय जाणवतं हेही ठाऊक. असा माणूस बंदुकीच्या डिझाइनकडे वळला नसता तरच नवल.

हिरव्या गणवेशातले नेमबाज

१८६१ मध्ये युद्ध पेटलं. बर्डॅनने कल्पना मांडली की उत्तरेकडच्या राज्यांतून निवडक नेमबाज गोळा करून त्यांच्या स्वतंत्र पलटणी करायच्या. राष्ट्राध्यक्ष लिंकन आणि सेनापती विनफिल्ड स्कॉट यांचा पाठिंबा मिळाला. आठ राज्यांतून अठरा कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांच्या दोन रेजिमेंट झाल्या आणि बर्डॅन कर्नल झाला.

भरतीची परीक्षा कडक होती. दोनशे यार्डांवरून, म्हणजे सुमारे १८३ मीटरवरून, सलग दहा गोळ्या दहा इंची वर्तुळात बसल्या पाहिजेत. आज हे फार वाटणार नाही, पण तेव्हा बहुतेक सैन्य पुढून दारू ठासायच्या बंदुका वापरत होतं. कोकणात आजही ठासणीची बंदूक हा शब्द चालतो, तोच प्रकार. या नेमबाजांचा गणवेश गर्द हिरवा होता, झाडीत मिसळून जाणारा.

हत्यारावरून भांडण झालंच. बर्डॅनला मागून भरता येणारी शार्प्स रायफल हवी होती. शस्त्रखात्याचा प्रमुख जेम्स रिप्ली याला असल्या नव्या फॅशन पसंत नव्हत्या. आधी जवानांच्या हातात कोल्ट कंपनीच्या फिरत्या चेंबरच्या रायफली आल्या. मग १८६२ मध्ये शार्प्स मिळाल्या. (जाता जाता: 'शार्पशूटर' हा शब्द शार्प्स रायफलीवरून आला असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते खरं नाही. शब्द रायफलीपेक्षा जुना आहे.)

आता एक बारीक तपशील बघा. या शार्प्स रायफलीचं काडतूस कागदाचं किंवा लिननच्या कापडाचं असायचं. मागचं झाकण बंद होताना त्याची धार काडतुसाचं शेपूट कापायची, मग वेगळी टोपी बसवून चाप ओढायचा. कागद जळून जायचा. म्हणजे देशातल्या सर्वोत्तम नेमबाजांनी हजारो गोळ्या झाडल्या, पण मागे वेचायला पुंगळी अशी उरायचीच नाही.

कागदी काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. एनफिल्ड बंदुकीचं चरबी लावलेलं, दाताने तोडायचं काडतूस. तेही कागदीच. जग तेव्हा कागदाकडून धातूकडे सरकायच्या उंबरठ्यावर होतं.

सेनानी म्हणून बर्डॅनची कीर्ती त्याच्या पलटणींइतकी चांगली राहिली नाही. जवानांनी चॅन्सलर्सव्हिल आणि गेटिसबर्गच्या लढायांत नाव कमावलं. बर्डॅनबद्दल मात्र काही सहकारी अधिकाऱ्यांचं मत वाईट होतं. तो स्वतःची जाहिरात करण्यात पुढे आणि प्रत्यक्ष लढाईत मागे, असा त्यांचा आक्षेप होता. जानेवारी १८६४ मध्ये, युद्ध चालू असतानाच, त्याने राजीनामा दिला. पुढे त्याला मानाची जनरल ही पदवी मिळाली. पण मला वाटतं त्याची खरी कारकीर्द इथून पुढे सुरू होते.

१८६६: पेटंट क्रमांक ५३,३८८

२० मार्च १८६६ रोजी बर्डॅनला काडतुसाचं पेटंट मिळालं. गूगल पेटंट्सवर हा क्रमांक टाकून मी मूळ कागद फोनवरच उघडून बघितला. तुम्हीही बघू शकता, फुकट आहे. दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र बोटांनी झूम करून बघायला वेगळीच मजा येते.

कल्पना अशी: तांब्याची नळी, एक टोक बंद. त्या बंद टोकाला बाहेरून एक खळगा. खळग्यात प्रायमरची टोपी बसवायची. आणि खळग्याच्या तळाशी, पुंगळीच्याच धातूतून वर आलेला एक उंचवटा. हीच ऐरण. सुईचा घाव बसला की मिश्रण टोपी आणि उंचवटा यांच्यात चेंगरतं, पेट घेतं, आणि ठिणगी बाजूच्या छिद्रातून आत दारूपर्यंत जाते.

लगेच एक अडचण आली. टोपी बाहेरून दाबून बसवताना मऊ तांबं फुगायचं आणि काडतूस बंदुकीत नीट बसायचं नाही. म्हणून बर्डॅनने तांब्याऐवजी पितळ घेतलं, टोपी बसवायची पद्धत सुधारली, आणि १८६८ मध्ये दुसरं पेटंट मिळवलं. पितळ कठीणही असतं आणि थोडं लवचिकही. बार उडाला की पुंगळी फुगून बंदुकीच्या भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की जरा आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. आजही काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त.

कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टमधल्या युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनीने या पद्धतीची काडतुसं मोठ्या प्रमाणात बनवली. या कारखान्याचं काम सांभाळणारा आल्फ्रेड हॉब्ज हाही अवलिया होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, कुणालाच उघडत नाहीत अशी ख्याती असलेली इंग्रजी कुलपं त्याने उघडून दाखवली होती. तेव्हाचा हॅकरच म्हणा.

समुद्रापलीकडचा बॉक्सर

त्याच वर्षी, ऑक्टोबर १८६६ मध्ये, इंग्लंडमध्ये कर्नल एडवर्ड बॉक्सरने स्वतःच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. हा वुलिचच्या शाही शस्त्रागारातल्या प्रयोगशाळेचा प्रमुख. ब्रिटिश सैन्य तेव्हा जुन्या एनफिल्ड, हो, त्याच १८५७ च्या एनफिल्ड, मागून भरता येतील अशा बदलून घेत होतं. बदललेल्या बंदुकीचं नाव स्नायडर-एनफिल्ड. तिच्यासाठी बॉक्सरने काडतूस केलं.

बॉक्सरची ऐरण पुंगळीचा भाग नव्हती. ती टोपीसोबतचा एक सुटा, इवलासा तुकडा होती. त्यामुळे पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र पुरायचं.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा.

- बर्डॅन: ऐरण पुंगळीत पक्की. ती मधोमध बसलेली, म्हणून ठिणगीची छिद्रं तिच्या बाजूला, सहसा दोन. प्रायमर साधं आणि स्वस्त.
- बॉक्सर: ऐरण प्रायमरमध्ये. पुंगळीला मधोमध एकच छिद्र. प्रायमर जरा गुंतागुंतीचं, पुंगळी साधी.

नवं काडतूस म्हणून दोन्ही सारखीच चांगली चालतात. फरक कळतो तो बार उडून गेल्यावर. फुटलेलं प्रायमर बाहेर कसं काढणार? बॉक्सरच्या पुंगळीत तोंडातून एक काडी सरळ खाली घालायची, ती मधल्या छिद्रातून जाते आणि जुन्या प्रायमरला बाहेर ढकलते. एका दाबात काम. बर्डॅनच्या पुंगळीत मधे ऐरण आडवी येते. काडी तिच्यावर आपटून वाकते किंवा तुटते. मग बाहेरून आकड्याने उचकटा, नाहीतर पुंगळीत पाणी भरून दाबाने प्रायमर उडवा. होतं, पण वेळखाऊ आणि कटकटीचं.

बर्डॅनने हे मुद्दाम केलं होतं का? नाही. त्याची टोपी बाहेरून बसायची, म्हणजे जुनी काढून नवी बसवायला जागा होती. १८७० च्या दशकात मैदानी प्रदेशातले रानरेड्यांचे शिकारी बर्डॅन पद्धतीच्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरायचेही. त्या आधीच्या कित्येक धातूच्या काडतुसांत मिश्रण कडेच्या घडीतच भरलेलं असायचं. तिथे तर पुन्हा वापराचा प्रश्नच नव्हता. बर्डॅनने एक दार उघडलं होतं. बॉक्सरचं दार जास्त सहज उघडत होतं, इतकंच.

रशियाने डोक्यावर घेतलं

रशियाचे दोन अधिकारी, गोर्लोव्ह आणि गुनियस, नवी रायफल शोधायला अमेरिकेत आले होते. त्यांना बर्डॅनची रचना पटली. १८६८ ची पहिली बर्डॅन रायफल हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्यात रशियासाठी तयार झाली. मग १८७० ची दुसरी, मागे खटका ओढून भरायची, जी पुढे रशियातल्या तुला वगैरे कारखान्यांत बनू लागली. १८९१ मध्ये मोसिन रायफल येईपर्यंत हीच रशियन शिपायाची बंदूक होती. रशियन लोकांनी तिला लाडाचं नाव दिलं, 'बर्दान्का'. सैन्यातून निवृत्त झाल्यावरही ती शिकाऱ्यांच्या आणि रखवालदारांच्या खांद्यावर राहिली.

युरोपातल्या बऱ्याच देशांनी बर्डॅन पद्धतीचं प्रायमर घेतलं. कारण सरळ आहे. सैन्याला कोट्यवधी काडतुसं हवी असतात, आणि शिपाई रणांगणात पुंगळ्या वेचत बसत नाही. तिथे प्रायमर स्वस्त असणं महत्त्वाचं. अमेरिकेत मात्र गावोगावी शिकारी आणि नेमबाज होते, दुकान लांब, काडतूस महाग. तिथे पुंगळी टिकवणं महत्त्वाचं. १८८० च्या दशकात अमेरिकी सैन्यसुद्धा सरावासाठी छावणीतच पुंगळ्या पुन्हा भरू लागलं.

आणि मग इतिहासाने गंमत केली. अमेरिकन माणसाची पद्धत युरोपात रुजली, इंग्रज माणसाची पद्धत अमेरिकेत. कुणी ठरवून केलेलं नाही. ज्याला जी गरज, त्याने ती उचलली.

रिकामी पुंगळी बाहेर काढण्यावरून खटला

बर्डॅन नंतर बरीच वर्षं देशाबाहेर राहिला. लांबचं अंतर मोजायचं यंत्र, पाणतीराची बोट, असे शोध चालूच होते. १८८४ मध्ये त्याच्या मुलीचं लग्न कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, कादंबरीकार फ्रान्सिस मेरियन क्रॉफर्डशी झालं. हा जावई आधी अलाहाबादला वर्तमानपत्राचा संपादक होता आणि त्याची पहिली कादंबरी सिमल्यात घडते.

मायदेशी बर्डॅनचं एक भांडण रखडलं होतं. बार उडाल्यावर रिकामी पुंगळी बंदुकीतून ओढून बाहेर फेकणारा एक भाग असतो. अमेरिकी सैन्याच्या स्प्रिंगफिल्ड रायफलीत आपली ही रचना वापरली आणि पैसे दिले नाहीत, असा त्याच्या कंपनीचा दावा होता. ३१ मार्च १८९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्डॅनचा मृत्यू झाला. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला पुरलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८९५ मध्ये लागला. पुंगळी बाहेर काढणाऱ्या भागाबद्दल सरकारने पैसे द्यावेत, असा. ऐकायला तो नव्हता.

आज ढीग कसा लावतात

आता पुन्हा त्या वेचलेल्या पुंगळ्यांकडे येऊ. मैदानावरचा ढीग म्हणजे सगळी सरमिसळ. वेगवेगळ्या मापांच्या, वेगवेगळ्या देशांच्या, कुणी टाकून दिलेल्या. अनुभवी लोक त्या साधारण या क्रमाने वेगळ्या करतात.

१. चुंबक. पितळ चुंबकाला चिकटत नाही. चिकटली ती पोलादी, बाजूला. ॲल्युमिनियमची रंगावरून आणि वजनावरून कळते.

२. माप. बुडावर लिहिलेलं असतं. इथे एक फसवणूक होते: ९ मिमीची पुंगळी पॉइंट ४० च्या पोटात जाऊन बसते, आणि ती पॉइंट ४५ च्या पोटात. एकात एक, आपल्या डब्यांच्या संचासारख्या. म्हणून आधी मापाप्रमाणे वेगळ्या, मग धुणं.

३. टॉर्च. पुंगळीच्या तोंडातून आत मोबाईलचा टॉर्च मारायचा. तळाशी एक छिद्र दिसलं तर बॉक्सर. दोन दिसली तर बर्डॅन. न बघता यंत्रात घातली तर काडी तुटते आणि काम थांबतं.

४. कुणी बनवली. बुडावर कारखान्याची अक्षरं असतात, सैन्याच्या पुंगळीवर सहसा सालही. हे नुसतं टापटिपीसाठी नाही. बाहेरून माप तेच असलं तरी एका कारखान्याची भिंत जाड, दुसऱ्याची पातळ. जाड भिंतीच्या पुंगळीत आत जागा कमी. तेवढ्याच दारूचा दाब तिथे जास्त होतो. सरमिसळ म्हणजे धोका.

५. किती वेळा वापरली. प्रत्येक वापरात पितळ ताणलं जातं आणि कडक होत जातं. तोंडाशी चीर पडते, किंवा बुडाच्या वर एक चमकदार रेघ दिसू लागते. ती रेघ म्हणजे भिंत आतून पातळ झाल्याची खूण. अशी पुंगळी चेपून भंगारात टाकतात, म्हणजे चुकून परत ढिगात येत नाही.

कडक झालेलं पितळ मऊ करायला तोंडाचा भाग ठराविक आच देऊन तापवतात. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकता ठोकता मधेच भट्टीत घालतात ना, तेच शास्त्र. ठोकलं की धातू कडक, तापवलं की मऊ.

ठेवायची पद्धतही ठरलेली. झाकणाच्या पारदर्शक बरण्या किंवा खणांचे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी: माप, कारखाना, कितवा वापर, धुतलेली की नाही. न धुतलेल्या आणि तयार पुंगळ्या कधीही एका डब्यात नाहीत. स्वयंपाकघरातलं भांडं अजिबात वापरत नाहीत, कारण फुटलेल्या प्रायमरच्या काजळीत बहुधा शिसं असतं. काम झालं की साबणाने हात धुणं हा नियमच. काही जण वापरांचा हिशेब फोनमधल्या स्प्रेडशीटमध्ये ठेवतात.

आणि डबा कुठे ठेवायचा? उत्तर भारतातून आलं

हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश सैन्याला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात मोहिमा थांबायच्या. काडतुसं तबेल्यांत ठेवली जायची. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडल्या तर पितळी पुंगळ्यांना चिरा. न वापरता, नुसत्या ठेवून ठेवून.

कोडं सुटायला १९२१ उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण दाखवलं. पुंगळी थंड पितळ ओढून बनवतात, त्यामुळे तिच्या भिंतीत ताण अडकून राहतो. तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, ओलसर हवेत तो पितळातल्या तांब्यावर हल्ला करतो, आणि जिथे ताण आहे तिथे चीर धावते. याला धातुशास्त्रात 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. उपायही सापडला: बनवल्यावर पुंगळीला मंद आच देऊन तो अडकलेला ताण उतरवायचा. आणि साठवताना जागा कोरडी हवी, अमोनियापासून लांब. म्हणूनच जाणकार लोक अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश पुंगळ्यांना लावत नाहीत.

आपल्या पावसाळ्याने शिकवलेला हा धडा आज अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये, चिठ्ठ्या लावलेल्या बरण्यांच्या रूपात पाळला जातो.

ऐरण कुठे ठेवली?

वस्तू बनवताना दोन प्रकारचे भाग असतात. एक टिकणारा, एक झिजणारा. पुंगळी टिकणारी, प्रायमर झिजणारं. बॉक्सरने सगळी गुंतागुंत झिजणाऱ्या भागात घातली, जो नाहीतरी फेकायचाच होता. बर्डॅनने ती टिकणाऱ्या भागात घातली. कारखान्याच्या दाराशी बर्डॅनचा हिशेब चुकीचा नव्हता. पण वस्तूचं आयुष्य कारखान्याच्या दाराशी संपत नाही.

फोनमध्ये बॅटरी हा झिजणारा भाग. पूर्वी मागचं झाकण नखाने उघडून ती बदलता यायची. आता ती आत गोंदाने चिकटवलेली असते. बाकी फोन ठणठणीत असला तरी बॅटरी मेली की कटकट सुरू. युरोपीय संघाने नियम केला आहे की फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे, काही अपवाद सोडून. वाद तोच आहे, ऐरण कुठे ठेवायची हा.

बर्डॅन जगातल्या मोठमोठ्या सैन्यांपर्यंत पोहोचला, अब्जावधी काडतुसांत त्याची रचना गेली आणि आजही जाते. पण जो माणूस पुंगळी वेचतो, तळाशी टॉर्च मारतो आणि दोन छिद्रं बघून ती बाजूला टाकतो, त्याच्या तोंडी बर्डॅन हे नाव कुरकुर म्हणूनच येतं. नवा फोन घ्याल तेव्हा कॅमेरा आणि रॅम बघून झाल्यावर हेही विचारा, की यातला जो भाग आधी झिजणार आहे, तो बाहेर कसा निघतो?